आहे, असते, म्हणे

मराठी शाळेतून गेलेल्या बहुतेकांना एक परिच्छेद अजून पाठ असतो. गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपूट असते. गाय गरीब असते. ती आपल्याला दूध देते. पुढं शेणाचे उपयोग, मग बैल, मग समारोप. पिढ्यान् पिढ्या हाच परिच्छेद वहीतून वहीत उतरत आलाय. त्यात चुकीचं असं फारसं काही नाही. पण ‘गाय गरीब असते’ हे नेमकं कुणी पाहिलंय, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही. लहान मुलांना माहिती लिहायला शिकवणं म्हणजे काय, याचा विचार मला याच प्रश्नापासून सुरू करावासा वाटतो.

माझं आजोळ औंध. पुण्यात औंध म्हटलं की लोकांना ब्रेमेन चौक आठवतो. हे ते नव्हे. हे सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, डोंगरावर यमाईचं देऊळ असलेलं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं औंध. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि माझं ऑफिस लॅपटॉपमध्ये आलं, तेव्हा काही महिने मी तिथं होतो. आळीतली तिसरी ते पाचवीची पोरं रेंजसाठी आमच्या पडवीत यायची. अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, उत्तराचा फोटो काढून पाठवायचा. एके दिवशी अभ्यास आला : तुमच्या आवडत्या प्राण्याची आठ ते दहा ओळींत माहिती लिहा.

चौथीतल्या एका मुलीनं गाय लिहिली. घरी खिलार गाय असलेली मुलगी ही. मी विचारलं, तुमची गाय गरीब आहे का गं?

“आमची? आमची मारकी हाय. चुलत्याला दोनदा पाडलंय तिनं.”

“मग हे काय लिहिलंयस?”

“दादा, निबंधात गाय गरीबच अस्ती.”

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होतो. मुलीला मराठी व्याकरणातला एक बारीक फरक बरोबर कळला होता. ‘आहे’ म्हणजे ही, इथली, मी बघितलेली. ‘असते’ म्हणजे सगळ्या, नेहमीच्या, कुणीतरी ठरवलेल्या. आमची गाय मारकी आहे. गाय गरीब असते. दोन्ही वाक्यं तिच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखानं नांदत होती, कारण एक वाक्य गोठ्यातलं होतं आणि दुसरं वहीतलं. वहीचा आणि गोठ्याचा संबंध असू शकतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि हा मुलूख खिलारांचा! खिलार दिसायला देखणी, चालायला चपळ आणि स्वभावानं तापट. परका माणूस जवळ आला की शिंगं रोखते. त्या जनावराच्या शेपटीशी खेळत वाढलेली पोरं पिढ्यान् पिढ्या ‘गाय गरीब असते’ लिहीत आलीत.

यात नैतिक प्रश्न कुठं आला, असं कुणी म्हणेल. गाय काही बदनामीचा दावा लावणार नाही. पण ‘असते’ची सवय गायीपाशी थांबत नाही. शेतकरी कष्टाळू असतो. आई प्रेमळ असते. इथपर्यंत गोड वाटतं. मग हळूहळू : बायकांना गणित जमत नसतं. अमक्या वस्तीतली पोरं उनाड असतात. तमक्या जातीचे लोक तसेच असतात. ही सगळी वाक्यं ‘गाय गरीब असते’ याच साच्यातली आहेत. कुणी पाहिलं, किती पाहिले, कुणाला विचारलं, यातलं काहीही न सांगता ती माहिती म्हणून उभी राहतात. कुणाला वाईट बोलण्याच्या उद्देशानंच पूर्वग्रह बोलला जातो असं नाही. पुष्कळदा तो माहितीच्या सुरात, शांतपणे, ‘असतात’ लावून बोलला जातो. आठ वर्षांच्या मुलाला आपण ‘असते’ फुकट वापरायला शिकवतो, तेव्हा त्या वाक्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, हे शिकवायचं राहून जातं.

शाळकरी मुलीनं लिहिलेल्या माहितीपर लेखनाचं मराठीतलं सगळ्यात जबरदस्त उदाहरण १८५५ सालचं आहे. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे. वय साधारण चौदा. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपण त्याच्याकडं विद्रोहाचा दस्तऐवज म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण एकदा तो परिच्छेद कसा लिहावा याचा नमुना म्हणून वाचून बघा. पेशवाईतल्या छळाबद्दल ती लिहिते. ते तिच्या जन्माआधीचं, थोरामोठ्यांकडून आलेलं. आपल्या समाजातल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे ती लिहिते. ते तिच्या आसपासचं. आणि वेदांवर काहींचाच हक्क असेल तर आमचा धर्म कोणता, असं ती विचारते. तो तिचा स्वतःचा तर्क. ऐकलेलं, पाहिलेलं आणि विचार करून काढलेलं, तिन्ही एकाच निबंधात येतं. तिच्या लोकांविषयी ‘ते असेच असतात’ म्हणणारे हजारो होते. शाळेत जाऊन चार-दोन वर्षं झालेली मुलगी त्या ‘असतात’च्या समोर ‘असं आहे’ लिहून ठेवते. माहिती लिहिता येणं म्हणजे काय, याची यापेक्षा चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

हे सगळं मी ओळखीच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझं बरोबर आहे, पण तुझ्या पडवीत नऊ पोरं आहेत. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी पेन धरतंय, त्याला आधी एक अख्खं, बरोबर वाक्य लागतं. पाठ केलेलं असलं तरी चालेल. पोहायला शिकताना डबा बांधतो तसं. डबा बांधला म्हणून कुणी आयुष्यभर डब्यावर पोहत नाही.

मुद्दा खरा आहे. साचा वाईट नसतो. आम्ही प्रोग्रामरसुद्धा पहिल्या दिवशी दुसऱ्याचा कोड उतरवूनच शिकतो. माझं म्हणणं इतकंच की डबा सोडायची वेळ आपल्याकडं येतच नाही. शिष्यवृत्ती परीक्षा पर्यायांतून उत्तर निवडायची असते. ‘असर’च्या पाहणीत मूल परिच्छेद आणि गोष्ट वाचून दाखवतं. स्वतःचा परिच्छेद कधी लिहितं? दहावीच्या परीक्षेपर्यंत निबंधाचा डबा बांधलेलाच राहतो आणि मग आपणच म्हणतो, हल्लीच्या पोरांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत. आमच्या कंपनीत चांगल्या कॉलेजातून आलेली मुलं बग नोंदवताना लिहितात : ‘लॉगिन चालत नाही.’ कुठं, कुणाच्या फोनवर, काय दाबल्यावर, कधीपासून? काहीच नाही. ते वाक्यसुद्धा ‘गाय गरीब असते’चं धाकटं भावंड आहे.

भाषेचीही एक गोम आहे. ‘आमची गाय मारकी हाय’ असं मुलीनं लिहिलं असतं तर लाल पेन पहिल्यांदा ‘हाय’वर गेलं असतं. मुलीला कळलं असतं की हे वाक्य चुकलं. ‘हाय’ चुकलं की ‘मारकी’ चुकलं, हे तिला कसं कळावं? पुढच्या वेळी ती दोन्ही सोडून पुस्तकाकडं जाणार. याच जिल्ह्यात, फलटणला, मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बोलण्यातल्या जातवर्गाच्या फरकांचा अभ्यास केला, आणि पुढं तिथंच मुलांसाठी मराठी माध्यमाची शाळा उभी केली. ‘हाय’ला हसणं म्हणजे बोलणाऱ्या घराला हसणं, हे ज्याला कळतं तो लाल पेन जरा उशिरा उघडतो. आधी मारकी, मग आहे.

तर, गाय. मी त्या मुलीला म्हटलं, पुस्तकातली गाय गरीब, तुझी मारकी. मग खरं काय? आपल्या आळीतल्या किती गायी मारक्या आहेत, मोजून ये.

ती गेली आणि पाच मिनिटांत परत आली. “दादा, मारकी म्हंजे कुठली धरायची? शिंगं हालवती ती, का पाडती ती?” नऊ वर्षांच्या मुलीनं व्याख्येचा प्रश्न विचारला होता. आम्ही पडवीत चर्चा करून ठरवलं, माणसाला एकदा तरी पाडलेलं असलं पाहिजे. दोन दिवस तिनं घरोघर जाऊन विचारलं. गायी १४. त्यातल्या तीन मारक्या, तिन्ही खिलार. जर्सी एकही नाही. पण एका घरी मालक म्हणाला, आमच्या गायीचं लिव्हू नगं, बाजार सुरू झाला की इकायचीय.

आता आली का पंचाईत! ती गाय मारकी आहे हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. लिहिलं तर त्या घराचं नुकसान. आणि लॉकडाऊनमध्ये दोन-चार हजार रुपये म्हणजे थट्टा नव्हती. नाही लिहिलं तर उद्या ती गाय घेणारा, त्याच्या घरातलं एखादं पोर. पडवीत दोन तट पडले. एक पोरगा म्हणाला, गरीब म्हणून लिही, मिटलं. ती म्हणाली, न्हाय, मग आकडा खोटा पडतो. मग तिनं लिहिलं, ‘एका गायीचं मालकांनी सांगितलं नाही.’ सगळे हसले, कारण हे वाचून कुणालाही कळलं असतं. शेवटी तिनं ती ओळ खोडली आणि वर दुरुस्ती केली : ‘मला १३ गायींची माहिती मिळाली. त्यातल्या २ मारक्या आहेत.’

हे तिनं कुणाच्या मदतीशिवाय काढलं. वाक्य खरं आहे, आणि त्यात ते घर दिसत नाही. विकत घेणाऱ्याचं काय, हा प्रश्न तिनं सोडवला नाही. तिनं तो मला विचारला, आणि मी म्हटलं की ज्यानं गाय विकायची त्यानं ते सांगायचं असतं. ती म्हणाली, “त्यो न्हाय सांगायचा.” खरंय. माहिती लिहिणाऱ्यावर किती ओझं टाकायचं, याला मोठ्यांच्या जगातही सोपं उत्तर नाही. बातमीदार, डॉक्टर, जनगणनेचा कर्मचारी, सगळे याच पायरीवर उभे असतात. फरक इतकाच की ही मुलगी चौथीत त्या पायरीवर आली.

मात्र याच्या पुढची एक पायरी आहे, तिथं मी थांबतो. ‘माझे वडील’ हा विषय आला तेव्हा एका मुलानं पाच ओळी लिहिल्या. पप्पा काय काम करतात, सकाळी किती वाजता जातात, आणि मग : रात्री पिऊन येतात, मग मी आणि ताई आजीकडं झोपतो. ‘पाहिलेलं लिही’ असंच तर आम्ही सांगत होतो. त्यानं सांगितल्याप्रमाणं केलं. त्याचा फोटो काढून पन्नास पालक असलेल्या ग्रुपवर टाकायचा? आम्ही तो टाकला नाही. त्याच्याशी बोलून तिथं गाडीच्या दुरुस्तीबद्दल लिहिलं, जे त्याला खरंच उत्तम माहीत होतं. मला यात अप्रामाणिकपणा वाटत नाही. मुलाकडून खरं मागणारा मोठा माणूस ते खरं सांभाळायचीही हमी देतो. ती हमी देता येत नसेल तर विषय घराच्या उंबऱ्याबाहेरचे द्यावेत : विहीर, एसटी, आठवडा बाजार, गोठा. मुक्ता साळवेनं आपल्या माणसांचं दुःख लिहिलं ते तिला लिहायचं होतं म्हणून. आठ ओळींचा गृहपाठ म्हणून तेच कुणाकडून वसूल करणं, ही वेगळी गोष्ट आहे. घरचं सांगणं हा मुलाचा हक्क असू शकतो, त्याची हजेरी नव्हे.

‘म्हणे’बद्दल बोलायचं राहिलंय. मराठीत हा एक अफलातून शब्द आहे. वाक्याच्या शेवटी लावला की सांगणारा बाजूला होतो आणि ऐकणाऱ्याला कळतं, हे मी बघितलेलं नाही. औंधची माहिती लिहिताना प्रत्येक पोरानं यमाई लिहिली. देवीनं इथं औंधासुराला मारलं. जोतिबानं तिला ‘ये माई’ म्हणून हाक मारली, म्हणून यमाई. पाचवीतला एक चिकित्सक म्हणाला, राक्षस-बिक्षस माहितीत येत नाही, ती गोष्ट झाली. दुसरी रडकुंडीला आली, कारण तिच्या आजीनं सांगितलेलं खोटं कसं असेल? तेव्हा ‘म्हणे’ कामाला आला. देवीनं औंधासुराला मारलं, असं लोक सांगतात. ही शंभर टक्के खरी माहिती आहे. लोक सांगतातच. आजीही राहिली आणि चिकित्सकही गप्प बसला. शाळेच्या लेखी मराठीनं ‘म्हणे’, ‘वाटतं’, ‘असावं’ हे शब्द बोलीतले, कच्चे म्हणून बाहेर ठेवलेत. मला वाटतं, प्रामाणिकपणाची हत्यारंच आपण दप्तरातून काढून घेतली आहेत. आता फोनमधल्या एआयला औंधची माहिती विचारली तर तो दहा गुळगुळीत ओळी देतो. त्यातल्या काही बरोबर, काही पुण्याच्या औंधच्या. सूर मात्र सगळ्यांचा एकच, ठाम. त्याच्याकडं गोठा नाही आणि आजीही नाही. मुलांना त्याच्यापेक्षा चांगलं लिहिता येईल की नाही कोण जाणे, पण ‘हे तुला कुणी सांगितलं?’ या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर देता येईल.

औंधच्या मातीत हा प्रश्न पूर्वी एकदा मोठ्या प्रमाणावर येऊन गेलाय. संस्थान ७२ गावांचं, तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना दिली. ती घडवण्यात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर आणि स्वतः महात्मा गांधी होते. मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असा गांधींचा आग्रह होता. मला ही अट पटत नाही. माझ्या पणजीला अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या विहिरीला कुठल्या महिन्यात किती पाणी असतं हे तिला तोंडपाठ होतं. गावाचा कारभार करायला दोन्हीतलं काय जास्त लागतं? स्वतंत्र भारताच्या घटनेनं असली अट न घालता सगळ्या प्रौढांना मत दिलं, ते योग्यच केलं. पण त्या आग्रहामागचं काहीतरी मला टाकवत नाही. लिहिता येणं म्हणजे सही येणं असेल तर ती अट निव्वळ अडथळा आहे. ‘आमच्या वाडीची विहीर फेब्रुवारीत आटते, ३० घरं आहेत, टँकर आठवड्यातून एकदा येतो’ एवढं लिहिता येणं असेल, तर ती कारभाऱ्याला घाम फोडणारी गोष्ट आहे. त्यासाठी मताच्या आड येण्याची गरज नव्हती, शाळेत तेवढं शिकवलं असतं तर पुरलं असतं.

याच राजांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. रविवर्म्याची चित्रं आहेत तिथं, हेन्री मूरचं माय-लेकराचं शिल्प आहे. तेव्हा ते बंद होतं, म्हणून पोरांनी ठरवलं की आपल्या घरातल्या एकेका जुन्या वस्तूला तशी पाटी लावायची. वस्तू काय, कशाची, कधीची, आणि शेवटची ओळ सक्तीची : कुणी सांगितलं. दिवे, पितळी हंडे, एक बंद पडलेला रेडिओ निघाला. तिसरीतल्या एका मुलानं जात्याची पाटी लिहिली. हे आमचं जातं आहे. दगडाचं आहे. आजीच्या लग्नात आलं. आता यावर फक्त लग्नाची हळद दळतात. कुणी सांगितलं : मम्मीनं.

आजीला वाचता येत नाही. तिनं नातवाकडून पाटी दोनदा वाचून घेतली.

“लगनात कुठलं आलंय? बहात्तरच्या दुष्काळात शेजारीण मुंबैला गेली, तिनं ठिवाय दिलंय. न्यायाला आलीच न्हाय ती.”

नातवानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. खोडरबर शोधला. पहिल्या ओळीवर बराच वेळ अडला आणि मग लिहिलं, ‘हे जातं आमच्याकडं आहे.’ शेवटच्या ओळीत मम्मी खोडून आजी केलं, आणि विचारलं, त्या बाईचं नाव लिहू का?

“लिव्ह की,” आजी म्हणाली, आणि नाव नीट, सावकाश, दोनदा सांगितलं.